टॅम्पॉन, तुझी उलटतपासणी तरी झाली

टॅम्पॉन यास,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्याकडे तुझ्याबद्दल दोनच सुरांत बोललं जातं. एक सूर आई-मावश्यांचा: लग्नाआधी असलं काही आत घालायचं नसतं. दुसरा मैत्रिणींचा: अगं, त्याने माणूस दगावतं म्हणे. पहिल्यावर मी फार शाई घालवणार नाही. योनिमुखाशी असणारा पातळ पडदा हा कुणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. आणि तू पोटात कुठे हरवतही नाहीस, कारण गर्भाशयाच्या मुखाचं छिद्र तुझ्या मानाने फारच बारीक असतं. दुसऱ्या सुरात मात्र तथ्य आहे आणि ते तुझ्या तोंडावरच बोललेलं बरं.

तू मूळचा अमेरिकेतल्या डेन्व्हरचा. अर्ल हास या डॉक्टरांना १९३३ साली तुझं पेटंट मिळालं आणि गर्ट्रूड टेंड्रिच नावाच्या बाईंनी ते विकत घेऊन तुझा धंदा उभा केला. योगायोग असा, की १९७८ मध्ये ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’ हे नाव ज्यांनी रूढ केलं ते बालरोगतज्ज्ञ जेम्स टॉडही डेन्व्हरचेच. त्यांनी नोंदवलेले सात रुग्ण ८ ते १७ वर्षांचे होते आणि त्यांत मुलगेही होते. तुझ्याकडे बोट वळलं ते दोन वर्षांनी.

त्या सुमारास ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’ने ‘रिलाय’ नावाचा तुझा एक भाऊबंद बाजारात आणला होता. आत पॉलिएस्टर फोमचे तुकडे आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, शोषण्याची ताकद अफाट. तो काळजीसुद्धा शोषून घेतो, अशी त्याची जाहिरात होती. बदलायची कटकट नाही म्हणून बायका खूश. १९८० मध्ये तरण्याताठ्या मुली एकाएकी तापाने फणफणून, रक्तदाब कोसळून दवाखान्यात येऊ लागल्या. त्या एका वर्षात अमेरिकेत पाळीशी जोडलेले टॉक्सिक शॉकचे आठशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले, ३८ जणी गेल्या. २२ सप्टेंबर १९८० रोजी कंपनीने रिलाय मागे घेतला. धोका एकट्या रिलायचा नव्हता, इतर कंपन्यांचे टॅम्पॉन वापरणाऱ्याही आजारी पडल्या होत्या. त्याचं प्रमाण सर्वांत वाईट, एवढंच.

घडतं ते असं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू पुष्कळांच्या नाकात, कातडीवर आणि काहींच्या योनीतही निवांत राहत असतो. त्याच्या काही जाती एक विष तयार करतात. ते तयार व्हायला प्राणवायू लागतो, एरवी योनीत तो फारसा नसतो. तू आत जाताना आपल्या तंतूंमध्ये हवा घेऊन जातोस, आणि जितका जाडजूड तितकी जास्त हवा. बहुतेक प्रौढ बायकांच्या रक्तात या विषाविरुद्धची प्रतिपिंडं लहानपणापासून तयार झालेली असतात. ज्यांच्यात ती नसतात (आणि त्यांत कोवळ्या मुली अधिक), त्यांची प्रतिकारशक्ती बिथरते आणि स्वतःच्याच शरीरावर उठते. आज हा आजार लाखात एखादीला होतो. दुर्मीळ आहे, पण होतो तेव्हा तासांचा हिशेब असतो.

मला खरं कौतुक वाटतं ते यानंतर जे झालं त्याचं. तोवर एका कंपनीचा ‘सुपर’ म्हणजे दुसरीचा ‘रेग्युलर’ असा कारभार होता. बॉस्टनमधल्या स्त्री-आरोग्य चळवळीतल्या एस्थर रोम यांच्यासारख्या बायका कंपन्यांच्या माणसांसमोर वर्षानुवर्षं बैठकांना बसल्या आणि वजनाच्या मापासाठी भांडल्या. १९८९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नियम केला: ६ ते ९ ग्रॅम शोषणारा तो रेग्युलर, ९ ते १२ सुपर, १२ ते १५ सुपर प्लस. मोजायची रीत ऐकून हसू येतं. प्रयोगशाळेत तुला निरोधात बसवतात आणि वरून मिठाचं पाणी सोडतात. खरं रक्त वापरून पॅड, कप, टॅम्पॉन यांची क्षमता ताडून पाहणारा अभ्यास प्रसिद्ध व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं! पुरुषांच्या दाढीच्या ब्लेडवर याहून जास्त संशोधन झालं असेल, असा माझा संशय आहे.

२०२४ च्या जुलैत तुझ्यावर नवा आरोप आला. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी १४ ब्रँडचे ३० टॅम्पॉन घेऊन त्यांत १६ धातू शोधले. शिसं सगळ्यांत सापडलं. साध्या टॅम्पॉनमध्ये शिसं जास्त, तर ‘ऑरगॅनिक’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्यांत आर्सेनिक जास्त. आता यातला किती अंश योनीच्या त्वचेतून शरीरात उतरतो, हे त्या अभ्यासाने मोजलेलंच नव्हतं. त्यामुळे ‘टॅम्पॉनमध्ये विष’ म्हणून धावणारे मेसेज मी पुढे पाठवत नाही. पण कापूस म्हणजे निर्मळ, हेही मला कुणी शिकवू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मेले, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे.

माझं म्हणणं एवढंच, की तुला निदान पिंजऱ्यात उभं केलं गेलं. तुझी साक्ष झाली, वजन झालं, खोक्यावर इशारा छापावा लागला. बाकीची मंडळी ‘तुझ्यासारखी नाहीत’ एवढ्याच भांडवलावर सुटतात. पाळीच्या कपचं घे. आमच्या शहरी मैत्रिणींत त्याची जवळजवळ दीक्षा दिली जाते. केरळात अलप्पुळ्यात २०१९ मध्ये पाच हजार कप फुकट वाटले गेले आणि ते काम चांगलंच होतं. त्याच वर्षी ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा आला आणि कप सुरक्षित असल्याचा निर्वाळा मिळाला. मीही तो मान्य करते. पण त्याच आढाव्यात कप वापरणाऱ्या पाच जणींना टॉक्सिक शॉक झाल्याची नोंद आहे. लियाँमधल्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्याआधीच प्रयोगशाळेत दाखवलं होतं की कपबरोबरही हवा आत जाते, जीवाणू सिलिकॉनवर थर धरतो आणि साध्या पाण्याने तो पुरता निघत नाही. म्हणून दोन कप ठेवावेत, वापरलेला उकळून घ्यावा, असं त्यांचं मत पडलं. कॉपर-टी असेल तर कप ओढून काढताना ती निसटू शकते, हेही दीक्षा देणारी सांगत नाही. पाळीच्या चड्ड्यांची तीच गत. अमेरिकेत ‘थिंक्स’ कंपनीवर सहजी न विघटणाऱ्या ‘पीफास’ रसायनांवरून खटला झाला आणि तो २०२३ मध्ये तडजोडीने मिटला. पॅड तर आमचं घरचंच. दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ने २०२२ मध्ये बाजारातले दहा नमुने तपासले, सगळ्यांत थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायनं, सापडली. त्या अहवालानंतर दोन दिवस बातम्या आल्या आणि मग सगळं शांत.

राहता राहिलं कापड. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलं तर त्याला नावं ठेवायला जागा नाही. ते उन्हात वाळवू कोण देतं, हा प्रश्न.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते २४ वयाच्या ६४ टक्के मुलींनी पॅड, तर निम्म्या जणींनी कापड वापरत असल्याचं सांगितलं. काही जणी दोन्ही वापरतात. तुझा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. मग तुला एवढं लांबलचक पत्र कशाला, असं विचारशील. कारण तू जिथे शिरतोयस तिथे रिलायची गोष्ट नव्याने घडायला जागा तयार आहे. चार ते आठ तासांत बदलायचं हा तुझा नियम. तो गृहीत धरतो की बाईला बंद होणारं दार, पाणी, साबण आणि कचऱ्याचा डबा मिळेल. बंदोबस्तावरची पोलीस शिपाई, विरारहून सकाळी निघून रात्री परतणारी, एसटी स्टँडवरचं स्वच्छतागृह बघून मागे फिरणारी, उसाच्या फडात पहाटेपासून कोयता चालवणारी, यांच्यापैकी कुणाच्याही हातात तू पडलास तर ती कोणता आकार उचलेल? सर्वांत मोठा. आणि तो संध्याकाळपर्यंत ठेवेल. तिला अडाणी म्हणायचं कारण नाही, तिने परिस्थितीचा अचूक हिशेब केलेला असतो. बारा तास चालणारा कप तिच्या सोयीचा खरा, पण तो रिकामा करायलाही हात धुवावे लागतात. त्यामुळे ज्या कार्यालयात, कारखान्यात, शाळेत ‘पाळी जागृती’चे कार्यक्रम होतात तिथे मी आधी स्वच्छतागृह बघून येते. नळाला पाणी नसेल तर भाषण ऐकायला थांबत नाही.

तुझ्याकडून एक काम हवं आहे. तुझ्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर ठळक मराठीत छापून घे: भागेल तेवढा लहानात लहान आकार वापरा, आठ तासांपुढे ठेवू नका, स्राव कमी असेल त्या दिवशी वापरू नका. एकाएकी जोराचा ताप, उलट्या, जुलाब, चक्कर, उन्हाने भाजल्यासारखी लाल कातडी, यांपैकी काही झालं तर तत्काळ काढा आणि दवाखाना गाठा.

आणि त्याखाली अजून एक ओळ, जी इंग्रजी कागदावरून जशीच्या तशी उतरवून भागणार नाही. आमच्याकडे पावसाळ्यात फणफणलेली मुलगी दवाखान्यात गेली की डेंग्यूसाठी रक्त घेतात, मलेरियासाठी घेतात. पाळी चालू आहे का, हे डॉक्टर बहुधा विचारत नाहीत. शेजारी बाबा किंवा भाऊ उभा असतो, म्हणून मुलगीही बोलत नाही. तेव्हा असं छाप: कोणी विचारलं नाही तरी, कोणीही समोर असलं तरी, डॉक्टरांना सांगा की माझी पाळी चालू आहे आणि मी टॅम्पॉन वापरत होते.

कळावे.