चुडाच्या बुडाशी

भाद्रपदात पालघरहून बोईसरकडे निघालं, की उमरोळीच्या आसपास भात पोटरीत आलेलं दिसतं. लांबवर तारापूरच्या कारखान्यांची धुराडी, अलीकडे हिरवीगार खाचरं आणि त्यांच्यावर तरंगणारे चतुर. चतुर जाता-येता कुणालाही दिसतात. मला मात्र खाचरात उतरून, चूड हातानं बाजूला सारून, पाण्यालगतचं बूड न्याहाळण्याची ओढ आहे. भाताचं निम्मं भवितव्य तिथेच ठरतं.

तपकिरी तुडतुडे तिथे दाटीवाटीनं रस शोषत बसतात. दाण्याहूनही लहान, बोट लागलं की तिरके सरकून पलीकडे दडतात. त्यांच्या मागावर एक करडा कोळी असतो. हा जाळं विणत नाही, पाण्यावरून धावत जाऊन भक्ष्य धरतो. मादी असेल तर पाठीवर पिल्लांचा अख्खा गोतावळा घेऊन हिंडते. आणि नीट पाहिलं तर हिरवट, किरकोळ अंगाचा मिरिड ढेकूण दिसतो. पानाच्या आवरणात तुडतुड्यानं घातलेली अंडी तो सोंड खुपसून नेमकी हुडकतो. इतकं बारीक काम त्या एवढ्याशा जिवाला कुणी शिकवलं असेल!

सगळं मर्म या अंड्यांपाशी आहे. औषध मारलं की बाहेरचे तुडतुडे मरतात, कोळी मरतो, मिरिडही मरतो. आवरणाआडची अंडी मात्र बहुधा वाचतात. आठवडाभरानं पिल्लं निघतात, तेव्हा त्यांना खाणारं कुणी उरलेलं नसतं. मग पुन्हा पंप पाठीवर, या वेळी आणखी कडक औषध. आणि ऐन दाणा भरताना खाचरात गोल गोल चट्टे करपत जातात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी तर तुडतुडे उलट वाढतात, हे भातसंशोधकांना कधीचं ठाऊक आहे. इंडोनेशियानं १९८६ साली भातावरची ५७ कीटकनाशकं एका फटक्यात बंद केली; तिथला तांदूळ काही संपला नाही.

चतुरांचं दुःख वेगळं. त्यांचं बालपण खाचरातल्या पाण्यात जातं, आणि औषध शेवटी त्याच पाण्यात उतरतं. जपानच्या भातशेतीतले लाल चतुर रोडावले, तेव्हा तिथल्या अभ्यासकांचं बोट फिप्रोनिल या कीटकनाशकाकडे गेलं.

शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. वर्षाचं पोट ज्या पिकावर, त्यावर कीड दिसली की हात थरथरतो, आणि दुकानात सल्ल्यासोबत बाटली मिळते. पण खोडकिड्यासाठी आपल्याकडे किती साधे उपाय आहेत! ही कीड पानांच्या शेंड्यांवर अंडी घालते, म्हणून लावणीआधी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करायचे. शेतात ट्रायकोग्रामाची कार्डं लावायची. मिलिमीटरहून लहान ही गांधीलमाशी खोडकिड्याच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. शिवाय युरियाचा हात जरा आखडता घेतला, तरी तुडतुड्यांचा जोर कमी होतो.

म्हणून पालघर, डहाणू, वाड्याच्या माझ्या शेतकरी भावाबहिणींनो, पंप भरण्याआधी खाचरात उतरा. चार कोपऱ्यांतले आणि मधले चूड वाकवून पाहा. चुडामागे पाच-दहा तुडतुडे नसतील आणि कोळी धावताना दिसत असतील, तर पंप तसाच घरी न्या. शंका वाटली तर दुकानाआधी कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.