आधी ओठ, मागाहून आवाज

घरात आलेली नवी वस्तू चार दिवस पाहुण्यासारखी वागते अन् पाचव्या दिवसापासून जावयासारखी, असा माझा अनुभव आहे. गेल्या गुढीपाडव्याला आमच्याकडे साउंडबार आला. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : टीव्हीच्या पायाशी आडवी पडलेली, दोन हात लांबीची काळी पेटी. तिला चेहरा नाही, डोळे नाहीत. पण टीव्हीतल्या सगळ्यांचं बोलणं तिच्या तोंडून व्हायचं.

ही पेटी आणली ती अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षं सत्त्याहत्तर. उभी हयात गुळाच्या पेढीवर दिवाणजी म्हणून गेली. आमचं बिऱ्हाडही मार्केट यार्डाच्या मागल्या अंगाला, चौथ्या मजल्यावर. वारा जसा फिरेल तसा गॅलरीत कधी गुळाचा वास येतो, कधी कांद्याचा; अन् पहाटे अलार्म लावायची गरज पडत नाही, कारण ट्रकवाले ते काम फुकट करतात.

"टीव्हीतली माणसं हल्ली पुटपुटतात," अशी अण्णांची तक्रार होती. ती अगदीच खोटी नव्हती. मी शाळेत असताना आमच्याकडे पहिला टीव्ही आला, तो लाकडी पेटीचा, सरकत्या दाराचा. चित्र लहान, पण आवाज खणखणीत, कारण पेटीत आवाजाला ऐसपैस खोली होती. आता टीव्ही पाटीइतका सपाट झाला. त्याचे स्पीकर खालच्या नाहीतर मागच्या बाजूला तोंड करून बसवतात. म्हणजे तो आधी भिंतीशी बोलतो अन् उरलंसुरलं आपल्याशी.

दुकानातून बसवायला आलेला मुलगा घाईत होता. पाडव्याच्या दिवशी त्याला आणखी किती घरं घ्यायची होती कुणास ठाऊक! टीव्ही भिंतीपासून ओढायचा, मागं हात घालायचा, कुठली केबल कुठं जाते ते पाहायचं, एवढी सवड त्याला नव्हती. त्यानं ब्लूटूथनं दोघांची सोयरीक जमवून दिली, श्रीखंडाची वाटी संपवली अन् तो गेला. आवाज सुरेख येत होता. हिनं पेटीला हळदकुंकूसुद्धा वाहिलं.

तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "तोंड आधी हलतं अन् बोलणं मागाहून येतं."

आम्ही तिघांनी डोळे ताणून पाहिलं. कुणालाच काही दिसलं नाही. आमचे चिरंजीव अकरावीला, शास्त्र शाखेला. त्यामुळे निकाल देण्याचा अधिकार त्यांच्याकडे. ते म्हणाले, "आजोबा, टीव्ही बरोबर आहे. तुमच्याच कानाला उशीर होतोय." आम्ही हसलो. मीही हसलो, हे इथं नमूद करून ठेवतो.

पुढं या तक्रारीनं घरात मुक्कामच ठोकला. चिरंजीवांनी सेटिंगमध्ये शिरून 'ऑडिओ डिले' नावाचं काहीतरी शोधलं अन् त्याचे आकडे वाढवले. अण्णा म्हणाले, "आता तर जास्तच मागं पडला." त्यांचं बरोबर होतं. ही सोय मुळात उलट्या दुखण्यावर आहे. चित्र सजवण्यात टीव्हीचा वेळ जातो अन् आवाज आधीच पोचतो, तेव्हा त्याला थोडं थोपवून धरण्यासाठी. जो आधीच मागं राहिला त्याला पुढं ढकलण्याचं बटण सहसा कुठल्या रिमोटवर नसतं. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या संध्याकाळी मला एवढंच कळत होतं की समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे अन् बातम्या सुरू झाल्यापासून अण्णांनी तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली आहे.

"अण्णा, आम्हा तिघांना दिसत नाही ते तुम्हालाच कसं दिसतं?" मी ओरडलोच.

ते काही बोलले नाहीत. वर्तमानपत्राची घडी घेऊन आतल्या खोलीत गेले. त्यानंतर आषाढ-श्रावण दोन्ही गेले, पण संध्याकाळी ते टीव्हीसमोर बसले नाहीत. आम्ही म्हणालो, वय झालं. 'वय झालं' हे फार सोयीचं उत्तर आहे. ते दिलं की पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही.

गणपती उठले. मग ही एक दिवस म्हणाली, "बँकेत एका रुपयाचा फरक निघाला तरी आम्ही रात्री थांबून शोधतो. तुम्ही एकदा त्या टीव्हीमागं डोकं घालून तरी बघा." ती बँकेत आहे, तिच्या बोलण्यात नेहमी असा हिशेब असतो. मी मराठीचा माणूस; वायरींचं अन् माझं सख्य नाही. पण दोन दिवस वाचन केलं, अन् वाचताना प्रथमच मनात आलं की अण्णा खरं बोलत असतील.

ब्लूटूथनं आवाज पाठवायचा म्हणजे तो आधी दाबून गाठोड्यात बांधायचा, हवेतून धाडायचा अन् पलीकडे पुन्हा सोडायचा. त्यात सेकंदाचा सहावा-पाचवा हिस्सा सहज जातो. आता एवढा उशीर माणसाला जाणवतो का? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं याची मोजदाद करून १९९८ साली आकडे दिले आहेत. आवाज ओठांच्या आधी आला तर सुमारे ४५ मिलिसेकंदांतच माणसाला खटकतं. पण मागाहून आला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत तो खपवून घेतो. हा पक्षपात का, याचा उलगडा मला आमच्या गॅलरीत झाला. पहाटे दीडशे मीटरवर हमाल ट्रकमधून पोतं खाली टाकतो. पोतं पडलेलं दिसतं, अन् जवळजवळ अर्ध्या सेकंदानं 'धप्प' ऐकू येतं. प्रकाशाच्या मानानं आवाज हा बैलगाडीचा प्रवासी. जन्मापासून आपण त्याची वाट पाहत आलेलो असतो, म्हणून त्याच्या उशिराचं आपल्याला काही वाटत नाही. आमच्या पेटीचा उशीर या खपवून घेण्याच्या सीमेवरचा होता. आम्ही तिघांनी तो खपवून घेतला होता. पण अण्णांना का खपत नव्हता?

अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार होता. टीव्ही थोडा पुढं ओढून मी त्याच्या अन् भिंतीच्या मधे डोकं घातलं. ज्यांच्या घरी हीच रड असेल त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. टीव्हीच्या पाठीवर एचडीएमआयची तीन सारखीच भोकं असतात; पण त्यांतल्या एकाशेजारीच 'एआरसी' अशी अक्षरं असतात, अन् टीव्हीचा आवाज उलट बाहेर नेणारी वाट फक्त तेवढ्या एका भोकातून आहे. आमच्याकडे तिथं सेट-टॉप बॉक्स ठाण मांडून बसला होता. त्याला शेजारच्या भोकात हलवायचा, साउंडबारची केबल एआरसीत घालायची, मग सेटिंगमध्ये ब्लूटूथ तोडायचं, टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करायचे (नाहीतर देवळाच्या गाभाऱ्यासारखा दुहेरी आवाज येतो), आवाजाचा प्रकार 'पीसीएम' ठेवायचा अन् डिले शून्यावर आणायचा. वाचायला सोपं आहे. मला दीड तास लागला.

मधेच केव्हातरी अण्णा बाहेर येऊन खुर्चीत बसले. बातम्या चालू होत्या. ब्लूटूथ मी तोडलं होतं, टीव्हीचे स्पीकर बंद होते अन् साउंडबारची केबल माझ्या हातात होती. मी मागूनच विचारलं, "अण्णा, आवाज येतोय का?" हा प्रश्न मी सवयीनं का विचारला, देव जाणे. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मग मी टीव्हीच्या कडेनं मान बाहेर काढली अन् तिसऱ्यांदा विचारलं.

"येतोय की," अण्णा प्रसन्नपणे म्हणाले. "आता बरोबर बोलतो बघ तो. अगदी तोंडाबरोबर."

खोलीत चिडीचूप होती. खालच्या रस्त्यावरचा टेम्पोवाला कुणाला तरी शिव्या देत होता, तेवढाच काय तो आवाज.

मी केबल तशीच हातात धरून उभा राहिलो. मग पाठ फिरवली, भिंतीकडे तोंड केलं अन् नेहमीच्या आवाजात म्हणालो, "अण्णा, चहा टाकू?" काही नाही. "अण्णा, आईचा फोटो पडला." काही नाही. आईचा फोटो जागच्या जागी होता. मी वळून पाहिलं तर अण्णा टीव्हीतल्या निवेदिकेच्या तोंडाकडे, पूर्वी आकडेमोड तपासताना पाहत तसे, एकाग्र होऊन पाहत होते.

वर्गात मी दरवर्षी वर्णमाला शिकवतो. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. प, फ, ब, भ, म हे ओठांचे वर्ण, म्हणून दिसतात. क, ख, ग, घ घशात होतात, ते दिसत नाहीत. १९७६ साली मॅकगर्क अन् मॅकडोनाल्ड या दोघा मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की कानांवर 'बा' घातला अन् पडद्यावरच्या ओठांनी 'गा' म्हटलं, तर पुष्कळांना 'दा' ऐकू येतो. म्हणजे धडधाकट कानांचा माणूसही थोडंबहुत डोळ्यांनी ऐकतो. हेही मी वर्गात रंगवून सांगतो. मुलं आरसा काढून 'बा, गा' करून पाहतात, हशा पिकतो. अन् घरी माझ्यासमोर बसलेला माणूस कित्येक वर्षं जवळजवळ नुसत्या ओठांवर दिवस काढत होता. आम्हाला पेटीचा उशीर चालला, कारण आमचे कान शाबूत होते. अण्णांना जे थोडं ऐकू येत होतं ते ओठांशी जुळलं तरच त्याचा शब्द होत होता. जुळलं नाही की दोन्ही फुकट.

मग एकेक जुनी गोष्ट उलगडत गेली. दाक्षिणात्य सिनेमे हिंदीत लागले की अण्णा "ही माणसं खोटं बोलतात" म्हणून उठून जायचे. आम्ही त्याला त्यांचा जुनाट स्वभाव म्हणायचो. कीर्तन मात्र शेवटपर्यंत पाहायचे. कीर्तनकाराचं तोंड सारखं समोर असतं. अन् जेवताना आई नेहमी त्यांच्या समोर बसायची, शेजारी कधी नाही. भाजी वाढताना थांबायची, वर पाहायची, मग बोलायची. तिला ठाऊक होतं. तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही.

आई २०१९च्या अखेरीस गेली. पुढच्या वर्षी सगळ्या जगानं तोंडाला फडकं बांधलं. अण्णा निवृत्तीनंतरही रोज तासभर जुन्या पेढीवर जाऊन बसत. त्या वर्षी टाळेबंदी उठल्यावर ते दोन दिवस गेले अन् तिसऱ्या दिवसापासून जायचे बंद झाले. "आता तिथं मजा राहिली नाही," एवढंच म्हणाले. आम्ही म्हटलं, आईचं दुःख आहे, आजाराची धास्ती आहे. कुणाच्याही लक्षात आलं नाही की पेढीवरच्या माणसांची तोंडं झाकली गेली त्या दिवशी अण्णांचे कान झाकले गेले होते. फडकी सुटली, तोवर तिथली माणसं बदलली होती, अन् पुन्हा जायची त्यांची हिंमत झाली नाही.

केबल जोडली. आवाज आला. अण्णांनी मान डोलावली. त्यांना फरक नक्की किती कळला ते सांगता येत नाही. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो, आई बसायची तसा, अन् विचारलं, "केव्हापासून?"

त्यांना प्रश्न लगेच समजला. पण उत्तर त्यांनी भलतीकडून दिलं. "लिलावात कुणाला ऐकू येतं रे? पन्नास माणसं एकदम ओरडतात. बोली देणाऱ्याचं तोंड बघायचं अन् बोट बघायचं. आमच्या आधीची माणसं तर रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत. तोंडाचं कामच नाही. कायद्यानं ते बंद झालं अन् ओरडाआरडा सुरू झाला." मग जरा थांबून म्हणाले, "चूक एकदाच झाली. शेठ 'माप' म्हणाले, मी 'पाप' समजलो. दिवसभर घाबरून होतो, आपण केलं तरी काय?"

मी आरशापुढं जाऊन म्हणून पाहिलं. माप, पाप, बाप. ओठ तिन्ही वेळा अगदी सारखे हलतात.

"मला सांगायचं नाही का?" मी म्हणालो.

"तू रागावतोस तेव्हा फार भरभर बोलतोस," अण्णा म्हणाले. "मला काही कळत नाही. पण रागावलास एवढं दिसतं."

गेल्या महिन्यात आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली अन् आलेख काढून दिला. डावीकडून उजवीकडे कडा तुटल्यासारखा खाली उतरणारा. स, श, त, क ही बारीक आवाजाची अक्षरं त्या कड्याखाली गडप झालेली. जाड आवाजाचे स्वर तेवढे वर शिल्लक. "म्हणून आवाज येतो, पण शब्द येत नाहीत," डॉक्टर म्हणाले. तेही अण्णांच्या समोर बसून, सावकाश. यंत्राचं माप दिलं आहे. ते दिवाळीच्या सुमारास मिळेल. अण्णांना त्याची फारशी उत्सुकता नाही. साउंडबारचं काय झालं ते पाहिलंय त्यांनी.

परवा मात्र ते आपण होऊन म्हणाले, "लक्ष्मीपूजनाला पेढीवरून दरवर्षी बोलावणं येतं. यंदा वहीपूजनाला जाऊ म्हणतो."

"जाऊ या की."

"तू माझ्या शेजारी उभा राहू नकोस. शेठच्या शेजारी उभा राहा," अण्णा म्हणाले. "अन् ते काय बोलले ते माझ्याकडं तोंड करून सांग."