सायकल दिली, पंप कोण देणार?

पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी गाठायची, ही कल्पना माझी. ती ऐन पावसाळ्यात अमलात आणायची, हा हट्ट बाबांचा. ओळखीच्यांनी किलोमीटरमागे काही रक्कम द्यायची आणि जमलेल्या पैशांतून खेड्यातल्या शाळकरी मुलींना सायकली घ्यायच्या, असा बेत होता. मी डिसेंबर म्हणत होते. बाबा म्हणाले, "शाळा उघडते जूनमध्ये. तोवर त्या पोरी काय घरी बसणार आहेत?" एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेल्या माणसाशी यंत्र आणि पाऊस या विषयांवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

किलोमीटरमागे पैसे देण्याची पद्धत मला खरं तर खटकते. आपण घाम गाळल्याशिवाय समोरच्याचा हात खिशात जात नाही, हे काही फार बरं लक्षण नव्हे. पण नुसतं मागितल्यावर "बघू" म्हणणाऱ्यांनी भिजत जाणार म्हटल्यावर लगेच आकडे सांगितले, हेही खरं.

ताम्हिणीला शनिवार-रविवारी धबधब्यांपाशी गाड्यांची ही गर्दी असते, म्हणून मधला वार धरला. मुळशीचं पाणी मागे पडलं आणि ढग रस्त्यावर उतरले. पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसायचा. उतार लागायच्या आधी बाबांनी मला थांबवलं. ओल्या रिमवर ब्रेक दाबला की चाकाचे पहिले एकदोन फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात, पकड त्यानंतर बसते. म्हणून वळण दिसायच्या आधीपासून ब्रेक हलका धरून ठेवायचा आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर चाक न्यायचं नाही. "आणि माझ्या पुढे जायचं नाही," हे शेवटचं कलम. मी चाळिशीची आहे, हे तिथे सांगून उपयोग नव्हता.

पुढे माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला आलो. सावित्रीच्या खाडीवर जंगलजेटीत सायकली चढवल्या आणि पलीकडे वेश्वीला रत्नागिरी जिल्ह्यात उतरलो. इथून खरी परीक्षा. नकाशात हा रस्ता समुद्राला लागून गुमान जाताना दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक गाव खाली खाडीशी आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा. चढ संपवून सड्यावर यावं, तर नैर्ऋत्येचा वारा छातीवर बसतो. मग जेमतेम मिळवलेली उंची उतारावर घालवायची आणि पुन्हा तेच. केळशी, आंजर्ले, हर्णै असं करता करता ब्रेकची रबरं निम्मी झाली. जांभ्याची लाल रेती पाण्याबरोबर रिमला चिकटते आणि कानशीसारखी रबर खाते. रोज मुक्कामाला पोचलं की बाबा आधी चेन फडक्याने कोरडी करून तेल द्यायचे, मग स्वतःचं डोकं पुसायचे.

पावसात पंक्चरही जास्त होतात. ओल्या टायरमध्ये काच, तारेचे तुकडे सहज शिरतात, आणि ट्यूब खडखडीत कोरडी असल्याशिवाय ठिगळ चिकटत नाही. एसटीच्या थांब्यात बसून बाबांनी माझी ट्यूब बनियनने पुसली, पॉलिश पेपरने घासली, सोल्युशन लावून फुंकर मारत बसले. भातलावणीहून परतणाऱ्या बायका इरली उतरवून हा कार्यक्रम बघत उभ्या राहिल्या.

दापोलीहून दाभोळच्या बाजूला जाताना पाऊस टाळायला एका हायस्कूलच्या पडवीत शिरलो. मागच्या भिंतीला सायकली टेकवून ठेवलेल्या, एकीवर एक. चेन लाल, टायर बसलेले, काहींच्या सीटवर देणगीदाराच्या नावाचं प्लास्टिक तसंच. मुली मात्र छत्री घेऊन पायी येत होत्या. सर म्हणाले, "देणारे येतात, फोटो होतो. पंक्चरवाला दापोलीला."

पुढचा सगळा दिवस तिथेच गेला. एक मुलगी म्हणाली, "आजोबा, माझी चेन सारखी पडते." बाबांनी मागच्या चाकाचे नट सैल केले, चाक मागे ओढून चेन ताणली आणि पाना तिच्याच हातात दिला. "दोन्ही बाजूंनी सारखं आवळ. चाक फिरवून बघ, कुठे घासतंय का." तिने फिरवलं, परत सैल केलं, परत आवळलं. बाबा एका शब्दाने मध्ये बोलले नाहीत. मला लहानपणी एवढा वेळ कधी मिळाला नव्हता.

सायकलीने फरक पडतो, यात शंका नाही. बिहारने 2006 मध्ये नववीतल्या मुलींसाठी सायकल योजना आणली आणि हायस्कुलात जाणाऱ्या मुलींची संख्या वाढल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. पण कोकणातल्या पावसात पोलादी रिमची, तेल न मिळालेली सायकल एका हंगामात भंगाराच्या वाटेला लागते.

दाभोळची खाडी ओलांडून, गुहागर, जयगड, गणपतीपुळे करत आम्ही रत्नागिरीला पोचलो. जमलेल्या पैशांत ठरवल्यापेक्षा कमी सायकली घेतल्या आणि उरलेले दुरुस्तीला ठेवले. काही देणगीदार नाराज झाले, होऊ देत. तुम्ही कुठल्या शाळेला सायकली देणार असाल, तर दर पाच सायकलींमागे एक पंप, पान्यांचा जोड, पंक्चरचं सामान आणि तेलाची बाटली द्या. आणि पंक्चर काढायला शिकवणारा माणूस एक दिवस तिथे पाठवा. जून उजाडायच्या आत.