नावांच्या वहीचे मोल

व्यापारी कुटुंबात वह्यांना मोठा मान असतो. दिवाळीत त्यांचे पूजन होते. रोजमेळ आणि खतावणी जिवापाड जपली जाते. ग्राहकांच्या नावापत्त्यांची वही मात्र बहुधा उपेक्षित राहते. भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या एखाद्या गाळ्यात ती आता संगणकात गेलेली असते, आणि नव्या मालाची वार्ता सर्व ग्राहकांना एकाच वेळी ईमेलने कळवावी, असे पेढीवर नव्याने बसू लागलेल्या मुलाला वाटते. वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : खर्च किती?

खर्चाच्या रीती निरनिराळ्या आहेत. अमेरिकेतील मेलचिंप प्रामुख्याने यादीतील नावे मोजते. ज्यांनी पत्रे नाकारली, त्यांची नावे यादीत राहू दिल्यास तीही मोजली जातात. फ्रान्समधील ब्रेव्हो पाठवलेली पत्रे मोजते. तिच्या विनामूल्य योजनेत दिवसाला ३०० पत्रे जातात. म्हणजे बाराशे ग्राहकांना महिन्यातून एक पत्र धाडायचे, तर चार दिवसांत ते विनाखर्च पोहोचते. चेन्नईच्या झोहोची सेवा रुपयांत मिळते. बिल परदेशातून आले, तर नोंदणीकृत व्यापाऱ्यास रिव्हर्स चार्जने १८ टक्के जीएसटी आधी स्वतः भरावा लागतो, हेही हिशोबात धरावे.

तथापि, खरी जोखीम पैशाहून मोठी आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी एकगठ्ठा पत्रांचे नियम कडक केले. आपल्या डोमेनवरूनच पत्र निघाले, याची तांत्रिक खूण पत्रावर असावी लागते. हजारात तीन ग्राहकांनी पत्र नकोसे म्हणून तक्रार केली, तरी धोक्याची रेषा गाठली जाते. एकदा डोमेनची पत गेली की त्याच डोमेनवरून निघणारी कोटेशन्स, बिले आणि उधारीची स्मरणपत्रेही स्पॅममध्ये जाऊ लागतात. बाजारातून तयार यादी विकत घेणाऱ्याच्या वाट्याला हेच येते. अनोळखी माणसाला ते पत्र उपद्रवच वाटते.

कायद्याचा रोखही तोच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानुसार संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. ग्राहकाने बिलावर लिहून दिलेला पत्ता त्या व्यवहारापुरता दिलेला असतो. जाहिरातीसाठी तो वापरायचा, तर आधी विचारणे हीच सचोटी. बाराशे नावांना विचारल्यावर चारशेच होकार आले, तर यादी लहान होते, खर्च घटतो आणि पत्र वाचले जाण्याची शक्यता वाढते.

म्हणून वर्षभराचे पैसे भरण्यापूर्वी दोन परीक्षा घ्याव्यात. आपली संपूर्ण यादी एक्सेलमध्ये उतरवून परत घेता येते का, हे पाहावे; उद्या सेवा बदलायची झाल्यास वही आपल्याच हाती हवी. मग घरातल्याच एका पत्त्यावर पत्र धाडून, त्यातील ‘पत्रे थांबवा’ ही कळ दाबावी. एका दाबण्यासरशी पत्रे थांबली, तर ती सेवा पेढीच्या नावाला शोभेल.