काळ सोकावतो

नॉम पेन्हमध्ये दोन दिवस असतील तर काय पाहायचं हे जवळजवळ ठरलेलं असतं. सकाळी राजवाडा आणि चांदीच्या फरशीचा पॅगोडा, मग तुओल स्लेंगचा तुरुंग, दुपारी टुकटुकने शहराबाहेर चोएंग एकचं वधस्थळ, आणि संध्याकाळी तोनले साप व मेकाँगच्या संगमावर बोटीची फेरी. मधल्या दोन जागांचं पर्यटकाने काय करायचं, हा प्रश्न मला सुटत नाही. तुओल स्लेंग ही मुळात शाळा. १७ एप्रिल १९७५ला ख्मेर रूज या कंबोडियातल्या कम्युनिस्ट बंडखोरांनी शहर घेतलं आणि अमेरिकन विमानं बॉम्ब टाकणार आहेत असं सांगून अख्खी राजधानी रिकामी करवली, इस्पितळातल्या रुग्णांसकट. ओस पडलेल्या शहरात त्या शाळेच्या वर्गांच्या कोठड्या झाल्या. तिथे आणलेल्या बारा हजारांहून जास्त माणसांपैकी अगदी मोजकी वाचली. आज तिथे तिकीट आहे, कानाला लावायचं निवेदन आहे, आणि इथे हसू नका असं सांगणारी पाटीही आहे.

अशा ठिकाणी जावं, असं म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा आपली ती जुनी म्हण असते: म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. बघणारे येत राहिले तर काळाला चटक लागणार नाही, असा हिशेब. पण त्या म्हणीत लांबून बघायला आलेला कुणीच नाही. एक म्हातारी आहे, एक काळ आहे, आणि बोलणारा बहुधा शेजारी असावा. पुढची पाळी आपल्या घराची असू शकते, हे त्याला ठाऊक आहे. पर्यटकाला ती धास्ती नसते. त्याचं परतीचं तिकीट झालेलं असतं. आणि म्हणीचा पहिला अर्धा भाग तर फारच निष्ठुर आहे. दुःख नाही, असं कोण म्हणू शकतं? १९८०मध्ये हे संग्रहालय सर्वांसाठी खुलं झालं तेव्हा आलेली बहुतेक माणसं कंबोडियाचीच होती. कैद्यांच्या फोटोंत कित्येक जण आपलं हरवलेलं माणूस शोधत होते. त्यांना म्हातारीचंच दुःख होतं. काळाची चिंता करायला थोडं अंतर लागतं, आणि ते आपल्यासारख्यांकडेच असतं. शिवाय, बघितल्याने काळ खरोखर थांबतो का? जानेवारी १९७९मध्ये व्हिएतनामी फौजा शहरात शिरल्या आणि हा तुरुंग उघडकीला आला. लवकरच परदेशी पत्रकारांनी तो पाहिला. तरीही संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा आधी ख्मेर रूजकडे आणि १९८२पासून त्यांचा समावेश असलेल्या आघाडीकडे राहिली. व्हिएतनामच्या पाठिंब्याने आलेल्या नव्या सरकारला भारताने १९८०मध्ये मान्यता दिली, पण तसं करणारे देश थोडेच होते.

मग जाऊच नये का? यावरचा आक्षेप बिनतोड वाटतो: आजचे बहुतेक कंबोडियन १९७९नंतर जन्मलेले आहेत, तिकिटाच्या पैशावर या जागा उभ्या आहेत, आणि संग्रहालयाची मांडणी माय लाम या व्हिएतनामी अधिकाऱ्याने केली तीच मुळी जगाला दाखवण्यासाठी. म्हणजे परक्याची नजर तिथे आगंतुक नाही. हे मला मान्य आहे, आणि तरी भिंतीवरचे ते फोटो अडवतात. ते तुरुंगाच्याच छायाचित्रकारांनी कैदी आत येताना काढलेले आहेत. कॅमेरा जिथे होता तिथेच आज बघणारा उभा राहतो. पण त्यांतल्या कित्येकांचा तेवढाच माग उरला आहे, मग ते उतरवायचे तरी कोणत्या अधिकाराने?

हाडांचा प्रश्न याहून बिकट आहे. तुओल स्लेंगमध्ये कवट्या जोडून केलेला कंबोडियाचा नकाशा होता, तो २००२मध्ये काढला. चोएंग एकच्या १९८८च्या स्तूपात मात्र हजारो कवट्या काचेमागे रचलेल्या आहेत. बौद्ध रीतीप्रमाणे त्यांचं दहन व्हावं, असं राजे सिहानूक सांगत राहिले. हुन सेन यांच्या सरकारने त्या पुरावा म्हणून जपल्या. दहाव्या-तेराव्याचं महत्त्व जाणणाऱ्या मराठी माणसाला सिहानूक यांचं म्हणणं समजावून सांगायला नको. ख्मेर रूजच्या नेत्यांवर खटले चालवणाऱ्या खास न्यायालयातलं शेवटचं अपील २०२२मध्ये निकालात निघालं. इतक्या वर्षांत शिक्षा झाली ती तिघांना. आता पुरावा कोणासाठी? नाकारणाऱ्यांसाठी, हे उत्तर आहेच, आणि नाकारणारे कधीही उभे राहू शकतात. पण मेलेल्यांनी त्यासाठी किती काळ ताटकळायचं, हे ठरवणाऱ्यांत पर्यटक मोडतो की नाही, हेही मला सांगता येत नाही. तो येतो म्हणून ती हाडं तिथे आहेत, की ती आहेत म्हणून तो येतो?

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने या जागा जागतिक वारसा यादीत घेतल्या, गर्दी वाढेल. नॉम पेन्हला जाणार असाल तर जाऊ नका असं म्हणायला माझ्याकडे पुरेसं कारण नाही. एवढंच मागणं आहे: त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका, आणि बोटीची फेरी दुसऱ्या दिवशी करा.