एका रात्रीचं ओझं

१९५५ साली एमा गेटवूड या ६७ वर्षांच्या अमेरिकन आजीनं अ‍ॅपलेशियन ट्रेल ही सुमारे ३,३०० किलोमीटरची डोंगरवाट एकटीनं चालून पुरी केली. जवळ ना तंबू, ना स्लीपिंग बॅग. घरी शिवलेल्या डेनिमच्या पिशवीत एक ब्लँकेट, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा आणि थोडं खाणं. कमी वजनाचा आग्रह धरणारे भटके आजही तिचं नाव आदरानं घेतात, ते रास्तच आहे. पण तिची चाल महिनोन्‌महिन्यांची होती. शनिवारी हरिश्चंद्रगड चढून रविवारी उतरणाऱ्याला तोच हिशेब लावायचं कारण नाही.

लांबच्या वाटेवर खाण्याचं वजन माणशी दिवसाला पाऊण किलोच्या आसपास धरतात. आठवड्याचा शिधा पाच किलोंच्या पुढे जातो. एका रात्रीच्या ट्रेकला हे ओझं जवळजवळ नसतंच. हरिश्चंद्रगडावर तर गावकऱ्यांच्या झोपडीत पिठलं-भाकरीही मिळते. मग सॅकमध्ये मोकळ्या झालेल्या जागेत एखादं सुख खुशाल न्यावं. पाण्यात मात्र काटछाट नको. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, आणि ऐन उन्हाळ्यात गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर ते कमी करणं हा निव्वळ अविचार.

पहिलं सुख पाठीखालचं. डिसेंबरात गुहेत झोपणाऱ्याला थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त खालून लागते, कारण कातळ अंगातली ऊब ओढून घेत राहतो. अशा वेळी एकाऐवजी दोन कॅरीमॅट नेल्या, तर तेवढ्या वजनाचं सकाळी सार्थक होतं. हॅमॉकची, म्हणजे दोन झाडांना टांगायच्या झोळीची, गोष्ट आणखी वेगळी. अंगाच्या भारानं स्लीपिंग बॅगेचा खालचा भराव चेपतो, त्यात अडकलेली हवा निघून जाते आणि वारा थेट पाठीला भिडतो. त्यामुळे हॅमॉकमध्येही कॅरीमॅट हवीच, किंवा खालून बांधायची खास रजई. झोपायचं तेही जरा तिरकं, म्हणजे पाठ केळ्यासारखी वाकत नाही.

सह्याद्रीच्या उघड्या कातळमाथ्यावर हॅमॉकजोगी झाडं थोडीच. पायथ्याच्या आमराईत, मालकाला विचारून, तो जास्त शोभतो. बारीक दोरीनं साल कापली जाते, म्हणून निदान अडीच सेंटीमीटर रुंदीचा पट्टा वापरावा. पुरातन वास्तूच्या खांबाला तर तो बांधूच नये.

याखेरीज कोरडे मोजे, हवा भरायची उशी, आल्याचा तुकडा आणि चहाचं छोटं भांडं. यांतलं काहीही नेणाऱ्याला कुणी नाजूक म्हणू नये. नीट झोपलेला माणूस सकाळी गडाच्या कोकणकड्यावर जास्त वेळ रमतो आणि उतरताना त्याचे पाय कमी लटपटतात.

स्पीकर मात्र घरीच ठेवा. त्याचं सुख एकट्याचं असतं आणि त्रास गडावरच्या सगळ्यांना होतो. आणि जे वर न्याल, त्याची रिकामी पाकिटं, बाटल्या, चहाची पत्तीसुद्धा त्याच सॅकमधून खाली आणा.