टूल टेकत नाही तेव्हा

लेथवर हात बसलेला माणूस इलेक्ट्रोकेमिकल मशीनपुढे पहिल्यांदा उभा राहिला की त्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं. किस निघत नाही, धातूची किरकिर नाही. ऐकू येतो तो फक्त पंप. पितळी टूल सावकाश खाली उतरतं, जॉबच्या, म्हणजे घडवायच्या तुकड्याच्या, अगदी जवळ येतं, पण टेकत मात्र नाही. मधल्या फटीतून मिठाचं किंवा सोडियम नायट्रेटचं पाणी वेगाने धावतं. जॉब धन टोकाला, टूल ऋण टोकाला. व्होल्ट जेमतेम 10-20, करंट मात्र मोठ्या कामात हजारो अँपिअर.

करंट वाहिला की जॉबचा धातू पाण्यात विरघळत जातो. किती विरघळतो त्याचा हिशेब फॅरेडेचा, 1834 सालचा. 1000 अँपिअर मिनिटभर वाहिले की सुमारे 17 ग्रॅम लोखंड विरघळतं, मग ते नरम असो की पाणी दिलेलं कडक. जेट इंजिनाच्या निकेल मिश्रधातूची पाती म्हणूनच इथे वश होतात. नेदरलँड्समधल्या द्राख्तेनला फिलिप्सच्या शेव्हरच्या बारीक खाचांच्या टोप्याही अशाच घडतात. कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, राहत नाही, टूल झिजत नाही.

कस लागतो तो पाण्यात. फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी. तीत हायड्रोजनचे बुडबुडे, सुटलेल्या धातूचा गाळ, वाढती उष्णता. प्रवाह कुठे अडला की जॉबवर रेघा उमटतात, ओढ्यातल्या दगडामागे वाळूत उठतात तशा. जाणता कारागीर पहिला जॉब धुतो, खिडकीशी तिरपा धरतो, रेघेवरून नख फिरवतो. रेघ जिथून निघते तिथे पाणी कमी पडलेलं असतं. मग टूलमधली वाट कानशीने जराशी मोकळी करायची, बाहेर पडणाऱ्या पाण्यावर थोडा दाब धरायचा, पुन्हा जॉब लावायचा. पाणी पार तुटलं तर ठिणगी पडते आणि टूल, जॉब दोन्ही डागतात.

टूलही मोदकाच्या साच्यासारखं हुबेहूब उलटं करून चालत नाही. तळाशी फट एक, उभ्या भिंतीशी दुसरी. तेवढा फरक टूलमध्ये आधीच धरावा लागतो.

मीठ स्वस्त, पण त्याचं पाणी नको त्या कडाही खातं. नायट्रेटच्या पाण्यात कमी करंटच्या जागी पोलादावर पातळ थर धरतो आणि कड वाचते. बारीक कामात इथे पैसे वाचवूच नयेत.

एक काळजी मात्र शेवटपर्यंत घ्यावी लागते. क्रोमियमच्या पोलादावर नायट्रेट वापरलं की पाण्यात विषारी क्रोमियम उतरू शकतं. पाणी पिवळसर दिसताच जाणता माणूस मशीन थांबवतो, हातमोजे चढवतो आणि नमुन्याची बाटली भरून तपासणीला पाठवतो.